सगळ्यांच्या गच्चीवरून दिसणारं शिल्प

(दृश्य : मे महिना, नागपूर. दिवेलागण झाली आहे. गच्चीवर बादलीनं पाणी मारणारे हात, ओल्या स्लॅबमधून निघणारी वाफ.)

उन्हाळ्यात नागपूरकर संध्याकाळी गच्चीवर येतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि वाऱ्याची वाट बघायची. अशा वेळी कुणीतरी वर बोट दाखवतं, "ते काय जाऊन राह्यलं? विमान होय काय?"

विमान नसतं ते. विमानाचे लाल-हिरवे दिवे उघडझाप करतात, उशिरा का होईना, आवाजही येतो. हा ठिपका मात्र एकसारखा उजळ असतो आणि चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून जातो. तो कुठला तरी उपग्रह असतो. फार ठळक असेल तर बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक.

आपल्याला दिसतं ते त्याच्यावर पडलेलं ऊन. खाली सीताबर्डीत दिवे लागलेले असतात, पण चारशे किलोमीटर वर सूर्य अजून मावळलेला नसतो. म्हणून एवढ्या उंचीवरचे उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण दीड तास आणि पहाटे सूर्योदयाआधी तेवढाच वेळ दिसतात. मध्यरात्री ते डोक्यावरून जातातच, पण पृथ्वीच्या सावलीतून.

(दृश्य : अवकाश स्थानकाचा संपूर्ण प्रवास, न कापता. पार्श्वसंगीत नाही.)

नीट बघा. वायव्येला झाडांच्या वर तो उगवला. वर चढताना तेज वाढत गेलं. आता डोक्यावर आलाय आणि आकाशातल्या बहुतेक ताऱ्यांहून ठळक आहे. पूर्वेकडे उतरताना क्षणभर तांबूस झाला. तिथे, त्या उंचीवर, आत्ता सूर्यास्त होतोय. आणि क्षितिज बरंच दूर असताना, मोकळ्या आकाशातच तो विझला. ढगाआड गेला नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरला.

या उन्हाचाच रंगासारखा वापर करावा, कुठल्याही कामाचा नसलेला, फक्त बघण्यासाठी असलेला उपग्रह सोडावा, असं काही लोकांच्या मनात आलं. त्यांची ही गोष्ट आहे.

(दृश्य : संग्रहातली चित्रं. विमानाच्या हँगरमध्ये फुगवलेला प्रचंड चंदेरी फुगा, खाली उभी असलेली माणसं.)

बिनकामाचा नसला, तरी यांचा पूर्वज म्हणावा असा एक फुगा होता. १२ ऑगस्ट १९६० ला अमेरिकेनं एको-१ सोडला. व्यास तीस मीटर, अंगावर धातूचा पातळ मुलामा. रेडिओ संदेश त्याच्यावर आदळून परत यावेत, हा उद्देश. पण तो इतका चमकायचा की जगभरात लोकांनी त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. १९६८ मध्ये तो वातावरणात जळाला.

(दृश्य : न्यूझीलंड, माहिया द्वीपकल्प. समुद्राच्या काठावरचं प्रक्षेपण केंद्र.)

२१ जानेवारी २०१८. रॉकेट लॅब कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट पहिल्यांदाच कक्षेत पोचलं. त्यात व्यावसायिक उपग्रहांसोबत आणखी एक वस्तू होती, जिची उड्डाणाआधी वाच्यताही झाली नव्हती. कार्बन फायबरचा साधारण एक मीटर व्यासाचा गोळा, त्यावर आरशासारखे लखलखीत ६५ पत्रे. नाव ह्युमॅनिटी स्टार. कंपनीचे संस्थापक पीटर बेक यांची ही कल्पना. गोळा स्वतःभोवती फिरत राहायचा, एकेक पत्रा उन्हाला सामोरा यायचा आणि खाली लुकलुकणारा ठिपका दिसायचा. कक्षा जवळजवळ ध्रुवांवरून जाणारी, त्यामुळे पृथ्वीचा जवळपास प्रत्येक भाग कधी ना कधी त्याच्याखाली येणारच. नागपूरही.

बेक यांचं म्हणणं साधं होतं : लोकांनी घराबाहेर यावं, वर बघावं, आणि आपण सगळे एकाच ग्रहावर राहतो हे त्यांना जाणवावं.

अनेक खगोलशास्त्रज्ञ चिडले. मंद ताऱ्यांचा, दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश गोळा करायला तासन्‌तास दुर्बीण लावून बसायचं आणि मधूनच एक मुद्दाम चमकवलेली वस्तू रेघ ओढून जाणार. आकाश सगळ्यांचं आहे, मग एका कंपनीनं न विचारता त्यात का लिहावं, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आम्हाला पूर्णपणे रास्त वाटतो. चौकातला पुतळा नको असेल तर माणूस वाट बदलू शकतो. आकाशाला वळसा घालता येत नाही.

तरीही हा गोळा आम्हाला मनापासून आवडतो, आणि त्याचं मुख्य कारण तो गेला हे आहे. अंदाज नऊ महिन्यांचा होता, पण आकाराच्या मानानं वजन फारच कमी. तेवढ्या उंचीवरही विरळ हवा असतेच. जड वस्तू तिला दाद देत नाही, हलकी आणि फुगीर वस्तू तिच्यात अडते, वेग गमावते, खाली येत जाते. २२ मार्च २०१८ ला, म्हणजे दोनच महिन्यांत, ह्युमॅनिटी स्टार वातावरणात जळून गेला.

(दृश्य : चित्ररेखाटन. विटेएवढी पेटी उघडते, तिच्यातून लांबट हिऱ्यासारखा फुगा बाहेर येतो.)

त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमेरिकन कलावंत ट्रेव्हर पॅग्लेन यांचा ऑर्बिटल रिफ्लेक्टर फाल्कन-९ रॉकेटमधून गेला. पाठीशी नेवाडा म्युझियम ऑफ आर्ट. छोट्या पेटीत घडी घालून ठेवलेला, उघडल्यावर तीस मीटर लांब होणारा पातळ प्लास्टिकचा फुगा. सप्तर्षींतल्या ताऱ्याइतका तो उजळ दिसेल, काही आठवडे राहील आणि जळून जाईल, अशी योजना होती. लष्कराचा नाही, व्यापाराचा नाही, संशोधनाचाही नाही, असा एक तरी उपग्रह असावा, हा पॅग्लेन यांचा आग्रह.

तो फुगा कधी फुगलाच नाही. एकाच रॉकेटमधून चौसष्ट उपग्रह सुटले होते, त्या गर्दीत आपला कोणता हेच ओळखायला वेळ लागला. फुगवण्यासाठी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची मंजुरी लागणार होती. नेमकं तेव्हाच, २२ डिसेंबरपासून, अर्थसंकल्पाच्या वादात अमेरिकी सरकारचं कामकाज पस्तीस दिवस बंद पडलं. मंजुरी देणारं कुणी जागेवर नव्हतं. कचेऱ्या उघडेपर्यंत उपग्रहाशी संपर्क तुटला होता. वर्षानुवर्षं केलेली मेहनत पेटीतल्या पेटीत राहिली. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वात जास्त हळहळ वाटते ती याची.

त्याआधी, जुलै २०१७ मध्ये, मॉस्कोच्या तरुण अभियंत्यांनी लोकवर्गणीतून मायाक नावाचा उपग्रह पाठवला होता. सोळा चौरस मीटरचा पिरॅमिड उघडायचा होता. तोही उघडला नाही.

(दृश्य : आकाशात एका ओळीत सरकणारे अनेक ठिपके.)

मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सुटले. आज ते हजारोंनी आहेत. ते चमकतात, पण कुणी बघावं म्हणून नव्हे. बेक यांच्या एका गोळ्यावर जेवढं रान उठलं, तेवढंच या हजारोंवर उठायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे. आकाशातल्या कलाकृतीलाही अटी असाव्यात : एका वेळी एकच, थोड्या काळासाठी, तेज बेताचं, खगोलशास्त्रज्ञांना आधी सांगून, आणि अंगावर कुणाचंही बोधचिन्ह नाही. डोळ्यांना खुपेल अशा अवकाशातल्या जाहिरातीला अमेरिकेचा कायदा परवानाच देत नाही. तेवढा शहाणपणा सगळीकडे यावा.

आणि जे वर जातं ते पूर्ण जळेल, याची खात्री हवी. विदर्भाला हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : मोबाइलवर टिपलेली हलती चित्रं. आकाशात पेटलेले तुकडे रांगेनं जाताना.)

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपुरापासून चंद्रपुरापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. कुणाला उल्का वाटली, कुणाला विमान कोसळतंय असं वाटलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात माणसापेक्षा उंच अशी धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. वर्षभरापूर्वी उडालेल्या चिनी चांगझेंग रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

(दृश्य : रात्र. पेंच, सिल्लारी. रस्त्यावरच्या दिव्याचं वरून झाकलेलं तोंड, प्रकाश फक्त खाली.)

वरची कला दिसायला खालचा अंधारही लागतो. नागपुरात अवकाश स्थानक दिसतं, कारण ते फार उजळ आहे. सप्तर्षींतल्या ताऱ्याइतका मंद ठिपका शहराच्या झगमगाटात शोधावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांमधले रस्त्यावरचे दिवे बदलले, त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. दिवे काढले नाहीत, रस्त्यावर उजेड आहेच. फक्त आकाशात वाया जाणारा प्रकाश थांबला. नागपुरात निदान तलावांच्या काठी एवढं करायला काय हरकत आहे?

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर वेळापत्रक, मग पुन्हा गच्ची.)

सध्या वर लोकांसाठी सोडलेलं असं ठळक शिल्प नाही. तोवर अवकाश स्थानकावर सराव करा. नागपूरवरून ते कधी जाणार, याच्या वेळा नासा मोफत देते. क्षितिजापासूनची उंची साठ अंशांहून जास्त लिहिलेली संध्याकाळ निवडा. पावसाळ्यात ढग आड येतात, मे आणि डिसेंबर चांगले. दहा मिनिटं आधी गच्चीवर जा, जिन्यातला दिवा बंद करा, मोबाइल खिशात ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. दुर्बीण लागत नाही. शेजारच्या गच्चीवर कुणी असेल तर त्यांनाही हाक मारा.