पाकळीकडून देठाकडे

कमळावरून तळं आखायचं म्हटलं की पहिला आराखडा बहुधा आठ पाकळ्यांचाच येतो. ड्रोनमधून झकास दिसतो. काठावर उभ्या माणसाला त्यातली एकही पाकळी कळत नाही, आणि पाण्याला तर ती अडचणच. पाकळीचं टोक म्हणजे चिंचोळा खण. तिथलं पाणी हलत नाही, वाऱ्याने आलेला कचरा तिथेच अडकतो, शेवाळ धरतं, डास होतात. म्हणजे साफसफाईच्या आठ जागा तुम्ही स्वतःच आखून ठेवल्या.

सिंगापूरचं ‘गार्डन्स बाय द बे’ २०१२ मध्ये खुलं झालं. ग्रँट असोसिएट्स या ब्रिटिश उद्यान-रचनाकारांना या बागेची कल्पना ऑर्किडवरून सुचली. पण त्यांनी फुलाची रेघ गिरवली नाही, झाडाची रचना उचलली: झाडासारखे उंच मनोरे आणि विषयवार बागा म्हणजे फुलं, जमिनीचे उंचवटे म्हणजे पानं, वाटा म्हणजे कोंब, पाण्याचं जाळं म्हणजे मुळं. प्रतीक असं वापरावं, की ते काढून घेतलं तर बागच चालू नये.

आता कमळ. पाण्याचा थेंब पानावरून ओघळतो हे अळवावरच्या पाण्यामुळे आपल्याला ठाऊकच आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो देठ. आडवा कापून पाहा, आत लांब पोकळ नळ्या दिसतील. पानात शिरलेली हवा या नळ्यांतून खाली चिखलातल्या कमळकाकडीपर्यंत जाते. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही सोय. म्हणजे कमळ शिकवतं ते हे, की तळ, पाणी आणि हवा तोडायच्या नाहीत. सिमेंटच्या खड्या भिंतीचं तळं नेमकं तेच तोडतं.

म्हणून आधी तळाचा उतार ठरवा. काठाला पाच फुटांना एक फूट, किंवा त्याहून सौम्य. पहिल्या वीतभर पाण्यात वेखंड, त्यापुढे पाणकणीस (ते मोजकंच लावा, पसरायला त्याला आमंत्रण लागत नाही), मग ४० ते ८० सेंटिमीटरवर कमळ. कमळाखाली २५–३० सेंटिमीटर चिकणमाती हवी. शेणखत भरमसाट घातलंत तर पाणी हिरवं होईल. कमळकाकडी आडवी ठेवा, कोंबाचं टोक मातीबाहेर राहू द्या, वर सुरुवातीला १० ते १५ सेंटिमीटर पाणी पुरे. पानं वर येतील तसतशी पातळी वाढवा.

आपल्याकडे घोळ होतो तो पावसाळ्यात. मे महिन्यात लावलेल्या रोपावर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत दोन फूट पाणी चढतं आणि कोवळी पानं बुडून गुदमरतात. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवरच असतं, तेही धोक्यात येतं. म्हणून सांडव्याची पातळी आधी बांधून घ्या, लावणी नंतर.

दुसरी गोष्ट, कमळाला कुंपण लागतं. कमळकाकडी एका हंगामात कित्येक मीटर धावते. तळाशी गाळाच्या वर वीतभर येणारी दगडी कड घाला आणि निम्म्याहून जास्त पाणी उघडं राखा.

थंडीत पानं वाळली की कापायची घाई होते. देठ पाण्याच्या वर चार बोटं राखूनच कापा. पाण्याखाली कापलात तर त्याच नळ्यांतून पाणी कमळकाकडीत शिरतं आणि ती कुजते.