परत आल्यावर घरी कोण असंल?

[दृश्य : डिसेंबरातली पहाट. धुक्यातलं बेळगाव. दुधाच्या गाड्या, हॉटेलांची अर्धी उघडलेली शटरं.]

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. लॉस एंजेलिसमध्ये अजून गुरुवारची संध्याकाळ आहे. तिथे व्हिडिओ गेमना पुरस्कार देणारा 'द गेम अवॉर्ड्स'चा सोहळा रंगलाय आणि आपल्याकडे उजाडतंय. उद्यमबागेतली पहिली पाळी डबे घेऊन निघालीय. त्याच वेळी टिळकवाडीत, शहापुरात, खानापुरात, निपाणीत काही पोरं रजईत मोबाइल धरून तो सोहळा बघतायत. मध्येच एका नव्या गेमची पहिली झलक येते. गेमचं नाव 'एक्झोडस'.

गेमची गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही, म्हणून माणसं अवाढव्य जहाजांत बसून दूरच्या ताऱ्यांकडे निघतात. सगळी एकदम पोचत नाहीत. जी आधी पोचली ती हजारो वर्षांत इतकी बदलली की त्यांना माणूस म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा. सत्ता त्यांच्याकडे. मागाहून आलेल्यांना त्यांच्या सावलीत जीव जगवायचाय. आपण खेळायचं ते अशाच मागाहून आलेल्यांपैकी एका प्रवाशाच्या भूमिकेत. गेममध्ये त्याला 'ट्रॅव्हलर' म्हणतात. तो दूरच्या जगांतून जुनं, बलाढ्य तंत्रज्ञान शोधून घरी आणतो. प्रवास जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने होतो, त्यामुळे त्याची थोडी वर्षं जातात तेवढ्यात घरच्यांची कितीतरी निघून गेलेली असतात.

बेळगावच्या या पोरांचा जीव अडकला तो इथे.

[दृश्य : उद्यमबाग. सीएनसी लेथवर फिरणारा जॉब, कूलंटची पांढरी धार.]

या पोरांतला एक जण हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपात सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात. ड्रॉइंग वाचायची सवय असल्याने तो झलकसुद्धा एकेक फ्रेम थांबवून बघतो. जहाजाला इंजिनं किती, खिडकीबाहेर कोणता ग्रह, या माणसाच्या केसांत मघाशी पांढरं नव्हतं ते आता कुठून आलं, सगळं टिपून या पोरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकतो. रात्री दहानंतर त्या ग्रुपवर नुसता धुरळा उडतो.

"तो ऑक्टोपस बघितलास काय? बोलणारा हाय तो. सोबती म्हणून येतोय आपल्यासंगट."

"ऑक्टोपस राहू दे रे. टाइमचं काय करणार हैत ते सांग."

टाइमचं काय करणार आहेत, हे विचारणारी मुलगी खानापूरची. बेळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स शिकते, रोज येऊन-जाऊन करते. तिची चौकटीची वही आम्ही कॅमेऱ्यासमोर उघडायला लावली. डाव्या पानावर चार वेग लिहिलेत. प्रकाशाच्या वेगाच्या 90 टक्के, 99 टक्के, 99.9 टक्के, 99.99 टक्के. समोर चार आकडे : 2.29, 7.09, 22.37, 70.71. जहाजात एक वर्ष गेलं तर घरी किती वर्षं जातील, त्याचं हे कोष्टक. आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून हे गणित निघतं आणि बारावीची बीजगणिताची तयारी असलेल्या कुणालाही ते सोडवता येतं. कोष्टकाखाली तिने लाल पेनाने एक ओळ लिहिलीय : वेग वाढवायला आणि कमी करायला लागणारा काळ धरलेला नाही. ही लाल ओळ मला फार मोलाची वाटली. जे सोडलंय ते सोडलंय असं लिहून ठेवणं, अंदाज बांधणाऱ्याने शिकावं ते हेच.

उजव्या पानावर एक खरा प्रवास आहे. ट्रॅपिस्ट-1 हा तारा इथून सुमारे 40 प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती पृथ्वीच्या आकाराजवळचे 7 ग्रह फिरतात. 99.9 टक्के वेगाने तिथे जाऊन लगेच माघारी फिरलं तर जहाजातल्या माणसाची साडेतीन वर्षांहून थोडी जास्त जातील. घरी 80 वर्षं उलटून गेलेली असतील.

वर्कशॉपवाल्या मुलाला आधी हे पटत नव्हतं. घड्याळ वेगळं चालेल, पण माणूस कसा कमी म्हातारा होईल, हा त्याचा मुद्दा. त्याला पटलं ते रोजच्या वापरातल्या एका आकड्याने. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ती 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने 45 पुढे जातात. ही चूक सुधारली नाही तर एका दिवसात अंतराचा हिशेब 11 किलोमीटरच्या आसपास चुकेल. म्हणजे बेळगावातून सांबऱ्याच्या विमानतळाकडे निघालेला माणूस नकाशावर भलतीकडेच दिसेल. मायक्रॉनवर जॉब रिजेक्ट होताना रोज बघणाऱ्याला 38 मायक्रोसेकंदाची किंमत वेगळी सांगावी लागली नाही.

[दृश्य : तालुक्यातलं एक गाव. सोप्यावर फ्रेममध्ये लावलेलं सैनिकाचं छायाचित्र.]

ग्रुपमधल्या तिसऱ्या मुलाचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. या रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे आणि या पट्ट्यात असं गाव सापडणं कठीण, जिथल्या एकाही घरातून कुणी फौजेत गेलेलं नाही. पोराने वडिलांना गेमबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "ह्यात गोळीबार हाय काय?" मग मात्र ते बराच वेळ बोलत राहिले.

"मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तवा ह्यो आठ महिन्यांचा. दुसऱ्यांदा आलो तवा दारात उभा राहून आईला विचारलालाय, हे कोण आलंय गं? मला वाटायचं, मी गेलो तवाचं घर तसंच असंल. तसं नसतंय. म्हातारा खचलेला असतोय, भावानं भिंत घातलेली असतीय, बैल बदललेला असतोय. आपुन मात्र तिकडं गेलेल्या दिवसातच अडकलेलो."

गेम बनवणाऱ्यांना अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये बसून नेमकं हेच दाखवायचंय, आणि इथल्या सोप्यावर ते आधीच ठाऊक आहे. म्हणून मला वाटतं, या भागातल्या पोरांनी या गेमबद्दल बांधलेले अंदाज गांभीर्याने ऐकावेत. दूर गेलेल्या माणसाचं घर त्यांनी जवळून पाहिलंय. पुण्याला कामाला गेलेला भाऊ, आखातात गेलेला मामा, छावणीत असलेला बाप. दिवाळीला येणारा प्रत्येक जण थोडा पाहुणा होऊन येतो.

एका रात्री ग्रुपवर वेगळाच खेळ रंगला. ट्रॅपिस्टच्या गणितातली 80 वर्षं त्यांनी बेळगावलाच लावली. समजा कुणी 1945 मध्ये इथून निघाला आणि साडेतीन वर्षांनी वय वाढवून 2025 मध्ये परतला. जाताना त्याचं गाव मुंबई प्रांतात, देशावर इंग्रजांचं राज्य. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन त्याच्या घरातल्यांनी पाहिलेलं असणार. तो परततो तेव्हा देश स्वतंत्र, 1956 च्या नोव्हेंबरात गाव दुसऱ्या राज्यात गेलेलं, 2014 पासून सरकारी पाट्यांवर बेळगावी, आणि हायवेलगत सुवर्ण विधानसौध. घर होतं तिथेच आहे. दार उघडायला येणारं माणूस त्याच्या नातवाच्या वयाचं, आणि त्याने स्वतः तर अजून लग्नही केलेलं नाही.

"मग तो मराठीत बोलला तर कळंल की त्याला," निपाणीच्या मुलाने लिहिलं.

"कळंल. पण तो विचारंल त्यातलं एक माणूस जित्तं नसंल."

त्यावर ग्रुप दहा-पंधरा मिनिटं गप्प होता म्हणे. मग खानापूरच्या मुलीने प्रश्न टाकला. गेममध्ये हे होऊ द्यायचं असेल तर जुन्या सेव्हचं काय?

हा प्रश्न जरा उलगडून सांगायला हवा, कारण सगळ्या गेमची नस त्यात आहे. खेळताना आपण अधूनमधून प्रगती साठवून ठेवतो. चुकलं की जुनी सेव्ह लोड करायची. समजा तुम्ही लांबच्या मोहिमेवर गेलात, परत आलात, आणि घरी सोडून गेलेला मित्र म्हातारा होऊन गेलेला दिसला. जुनी सेव्ह लोड केली की मित्र पुन्हा तरुण, मोहीम झालीच नाही. काळाची जी किंमत गेमला वसूल करायचीय ती दोन बटणांत माफ होते. यावर पोरांमध्ये तट पडलेत. एकाचं म्हणणं, लांबच्या प्रवासानंतर गेमने स्वतःच मागचा रस्ता बंद करावा. दुसरा म्हणतो, असं केलं तर लोक शिव्या घालतील, पैसे दिलेत त्यांनी. आणि मोठ्या गेमची किंमत हल्ली हजारांत असते, हेही खरंच आहे. सेटरची पहिली पगारवाढ त्यात जाते. तिसरा अंदाज मला सर्वांत हुशार वाटतो. प्रवासाचा परिणाम लगेच दिसूच नये, दोन-तीन फेऱ्यांनंतर उगवावा. तोवर जुनी सेव्ह इतकी मागे पडलेली असेल की परत जावंसं वाटणार नाही.

निर्माते आपले पत्ते अजून पूर्ण उघडत नाहीत. निर्णयांचे परिणाम वर्षानुवर्षं, पिढ्यानपिढ्या पोचतील इतकं ते सांगतात. पोरांचा भरवसा आहे तो माणसांच्या जुन्या कामावर. आर्किटाइप एंटरटेनमेंट हा स्टुडिओ उभा करणारे जेम्स ओलन आणि तिथे लेखनाची धुरा घेतलेले ड्रू कार्पिशिन, दोघेही पूर्वी बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. 2007 मध्ये आलेल्या 'मास इफेक्ट' या अंतराळातल्या गेमचे प्रमुख लेखक कार्पिशिनच. सोबत्यांशी जीव जडावा असं लिहिणारी ही मंडळी आहेत, आणि जिवाला लागलेलं माणूस म्हातारं झालं तरच काळ गेल्याचं दुःख होणार.

[दृश्य : निपाणी. रात्रीचा पाऊस, इन्व्हर्टरवर चाललेला एकच दिवा, लॅपटॉपचा उजेड.]

निपाणीचा मुलगा वयाने थोडा मोठा, आणि तो फार आशा धरत नाही. त्याने 'नो मॅन्स स्काय' या गेमची वाट पाहिलीय. ती कहाणी ठाऊक असल्याशिवाय अंतराळाच्या गेमबद्दल अंदाज बांधू नये. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा हॅलो गेम्स हा छोटासा स्टुडिओ. 2013 च्या डिसेंबरात त्यांनी झलक दाखवली. त्याच महिन्यात, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, पुराचं पाणी स्टुडिओत शिरून त्यांचं सामान बुडालं. तरी ते उभे राहिले. त्यांच्या गेममध्ये ग्रह किती? 2 चा 64 वा घात, म्हणजे 18 वर अठरा शून्यं येतील एवढे. हे ग्रह कुणी हाताने काढलेले नव्हते, सूत्रावरून संगणकाने घडवलेले. ही कल्पना जुनी आहे. 1984 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' या गेममध्ये 8 दीर्घिका आणि प्रत्येकीत 256 जगं अशाच रीतीने बसवली होती.

पण आकडा ऐकून लोकांनी मनात जे रचलं ते गेममध्ये नव्हतंच. स्टुडिओचे प्रमुख शॉन मरे मुलाखतींतून बोलत गेले, लोक त्यात भर घालत गेले. गेम पुढे ढकलल्यावर मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अखेर ऑगस्ट 2016 मध्ये गेम आला. दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. संताप उसळला. निपाणीचा मुलगा तेव्हा शाळेत होता. गेम घ्यायला पैसे नव्हते, तरी त्याला वाईट वाटलं, कारण दोन वर्षं वहीच्या मागच्या पानांवर त्याने स्वतःचे ग्रह काढले होते.

पुढचा भाग तो तितक्याच आवर्जून सांगतो. स्टुडिओने तोंड बंद ठेवलं आणि काम केलं. एकामागून एक अपडेट आले, सगळे फुकट. जुलै 2018 पासून खेळाडू एकमेकांना नीट भेटू लागले. आज तो गेम लोक प्रेमाने खेळतात.

सगळ्यांचं असं होत नाही. 'स्टार सिटिझन' या अंतराळातल्या गेमसाठी 2012 पासून लोक पैसे देतायत. 80 कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली, पूर्ण गेम अजून हातात नाही. रॉकेट बांधून उडवायच्या 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या गेमचा दुसरा भाग 2023 मध्ये अर्धवट अवस्थेत विकायला आला आणि पुढच्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला. पहिल्या भागावर कक्षा कशी बदलायची ते शिकलेल्या मुलांचं ते दुःख खरं होतं. चंद्रयान-3 ने 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा वेग कधी आणि का कमी करतात हे घरच्यांना समजावून सांगणारी हीच मुलं होती.

मला विचाराल तर वाट पाहण्यात गेलेला या पोरांचा वेळ फुकट गेलेला नाही. गेम कसाही निघो, खानापूरच्या वहीतलं कोष्टक बरोबरच राहणार. सुभेदारांनी मुलाला पहिल्यांदाच आपल्या सुट्ट्यांबद्दल सांगितलं, तेही झालंच.

निर्मात्यांनी आता 2027 ची सुरुवात सांगितलीय. पोरांनी तयारी ठरवलीय. वर्गणी काढून एकच प्रत घ्यायची, ग्राफिक्स कार्ड ज्याचं बरं त्याच्या घरी, म्हणजे शहापुरात, शनिवारी रात्री जमायचं. प्रत्येक लांब मोहिमेआधी मतदान. मोहिमेवरून परतल्यावर जुनी सेव्ह लोड करायची नाही, हा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला. विरोधातलं एक मत सेटरचं. त्याचं म्हणणं, पहिल्या जॉबला ट्रायल असतेच, तशी एक फेरी माफ असावी. खानापूरची मुलगी ऐकायला तयार नाही. सुभेदारांनी मात्र विचारलंय, मतदानाला बाहेरच्या माणसाला बसता येतंय काय.