शेकोटीभोवतीची उचलेगिरी

मित्रहो, १९७९ च्या जुलै महिन्यात ‘व्हरायटी’ या अमेरिकन सिनेव्यवसायाच्या साप्ताहिकात एक पानभर जाहिरात आली. जाडजूड इंग्रजी अक्षरं काच फोडून बाहेर येताहेत, आणि सोबत दावा असा की हा आजवरचा सर्वांत भयंकर चित्रपट आहे. नाव ‘फ्रायडे द थर्टीन्थ’. पंचाईत एवढीच होती की चित्रपट नव्हता. पटकथा पक्की झालेली नव्हती, नट ठरलेले नव्हते, पैसे जमायचे होते. निर्माता-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमकडे त्या दिवशी फक्त नाव होतं. ते आणखी कुणाच्या मालकीचं निघतंय का आणि वितरक विचारणा करतात का, एवढं त्याला बघायचं होतं. विचारणा झाली. मग चित्रपट काढणं भाग पडलं.

आजचा विषय या चित्रपटाने जन्माला घातलेली सगळी पिलावळ हा आहे. जंगलातलं उन्हाळी शिबिर, तळं, लाकडी खोल्या, सतरा-अठरा वर्षांची पोरं, आणि अंधारातून त्यांच्याकडे बघणारं कुणीतरी. हे चित्रपट नकला आहेत, असं त्यांचे चाहतेही म्हणतात. माझं भांडण त्याच्याशी नाही. नक्कल आहेच. पण नक्कल करताना ज्या गोष्टी यांना परवडल्या नाहीत, तिथे यांनी काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. आणि आधीच सांगून ठेवतो, आज शेवट फुटणार आहेत. चाळीस वर्षं होऊन गेली, आता माझ्याकडून गुप्ततेची अपेक्षा ठेवू नका.

कनिंगहॅम काही या कामात नवखा नव्हता. १९७८ मध्ये त्याने लहान मुलांच्या खेळावरचे दोन चित्रपट केले होते. त्यातला बेसबॉलचा तर ‘द बॅड न्यूज बेअर्स’ चाललेला पाहून उघडउघड उचललेला. दोन्हींचा लेखक व्हिक्टर मिलर. गल्ला यथातथाच. त्याच वर्षी मुखवटा घातलेल्या खुन्यावरचा, जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ आला. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, आणि नुसत्या अमेरिकेत ४ कोटी ७० लाखांच्या घरात कमाई. कनिंगहॅमने मिलरला फोन केला आणि आपण आता याची नक्कल करू या, असं सुचवलं. हे मिलरने स्वतःच अनेकदा, अजिबात आढेवेढे न घेता सांगितलं आहे. पैसे आले बोस्टनकडच्या थिएटरमालकांकडून. कनिंगहॅमने निर्माता म्हणून आणि वेस क्रेव्हनने दिग्दर्शक म्हणून १९७२ साली केलेल्या ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’मध्येही हीच मंडळी होती. तिकीट कशावर फाटतं, हे त्यांना पडद्याच्या समोरच्या बाजूने ठाऊक होतं.

शिबिरच का? सरळ हिशेब आहे. शिबिर म्हणजे आयता सेट. खोल्या आहेत, स्वयंपाकघर आहे, तळं आणि होड्या आहेत, आणि मुलं घरी गेल्यावर ते सगळं रिकामं पडून असतं. युनिटने तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, बाहेर पडून तिथेच शूटिंग करायचं. आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी अख्खं युनिट महाबळेश्वरला नेलं, तेव्हा त्यामागचं गणित काही वेगळं नव्हतं. कनिंगहॅमला न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनजवळ बॉय स्काउट्सचं एक शिबिर मिळालं, कॅम्प नो-बी-बॉस्को. ते आजही चालू आहे.

यात एक गंमत झाली. शिबिर भाड्याने मिळतं ते हंगाम संपल्यावर. म्हणजे चित्रपटातला शुक्रवार जूनमधला, पण शूटिंग १९७९ च्या शरद ऋतूत. पुन्हा बघाल तेव्हा मागच्या झाडांकडे लक्ष द्या, भर उन्हाळ्यात पानं पिवळी-तांबडी व्हायला लागलेली दिसतात, आणि तळ्यात उतरलेले नट खरोखर कुडकुडताहेत. मुळात ज्याची नक्कल करायची, त्या ‘हॅलोवीन’ची अडचण याच्या नेमकी उलटी होती. कथा इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, शूटिंग कॅलिफोर्नियातल्या वसंतात. त्यांनी पानं तपकिरी रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरली. गरिबी दोन्हीकडे होती. फक्त कार्पेंटरने आपले पैसे कुठे घालायचे ते फार डोकं लावून ठरवलं होतं. मुखवटा दोन डॉलरच्या आतला, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. संगीत दिग्दर्शकाने स्वतःच केलेलं. पण भिंगं पॅनाव्हिजनची, चौकट रुंद, आणि कॅमेऱ्यामागे डीन कंडी. ‘हॅलोवीन’मध्ये रक्त जवळजवळ नाही. भीती आहे ती चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या आकृतीची.

आता ही चौकट कनिंगहॅमला जमणार नव्हती. तो काही कंडी नव्हे आणि कार्पेंटर तर नव्हेच. त्याने खुन्याच्या नजरेतून दिसणारा कॅमेरा तेवढा उचलला, कारण त्याला काही लागत नाही. उलट पैसे वाचतात, खुनी दाखवावाच लागत नाही. खुन्याची भूमिका करणारी बेट्सी पामर दहा दिवसांसाठी आली होती, तीही नवी गाडी घ्यायची होती म्हणून. त्यामुळे आधी दिसतात ते हात आणि बूट दुसऱ्याच कुणाचे.

मग तणावाच्या जागी काय घालायचं? टॉम सॅव्हिनी. व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार म्हणून काम केलेला, नुकताच ‘डॉन ऑफ द डेड’ करून आलेला मेकअपवाला. केव्हिन बेकन तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. त्याच्या मृत्यूचा प्रसंग बघा. तो बिछान्यावर आडवा पडलाय, आणि गादीखालून बाण येऊन त्याचा गळा फोडतो. प्रत्यक्षात बेकन पलंगाखाली गुडघ्यांवर बसलाय, फक्त डोकं वर काढून. मान आणि छाती लॅटेक्सची. ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली. लॅटेक्सचा दुसरा गळा तयार नव्हता, म्हणजे दुसरा टेकही नव्हता. सॅव्हिनीच्या सहायकाने ती नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकली. म्हणून ते रक्त असं बुडबुडत, उसळत येतं. पंप नीट चालला असता तर ते इतकं किळसवाणं दिसलं नसतं.

संगीताचंही तसंच. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीने हिचकॉकच्या ‘सायको’तली, बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं निर्लज्जपणे घेतली आहेत, कान असलेल्या कुणालाही ते कळेल. पण त्याने एक नियम घातला, की खुनी खरोखर आसपास असेल तरच संगीत वाजायचं. पोरं एकमेकांना खोटंखोटं घाबरवतात तेव्हा पार्श्वसंगीत नाही. प्रेक्षकाला हा नियम कुणी सांगत नाही, पण अर्ध्या तासात त्याच्या अंगाला तो कळतो. आणि ते प्रसिद्ध ‘की की की, मा मा मा’ म्हणजे मॅनफ्रेडिनीचा स्वतःचाच आवाज, माइकवर पुटपुटलेला आणि घुमवलेला. खुनी बाईच्या डोक्यात मेलेला मुलगा जेसन बोलतो, ‘किल हर, मॉमी’, म्हणजे ‘मार तिला, आई’, त्यातल्या ‘किल’ आणि ‘मॉमी’चे ते दोन तुकडे.

हो, खुनी आई आहे. १९९६ च्या ‘स्क्रीम’मध्ये ड्र्यू बॅरिमोरला फोनवर या चित्रपटातला खुनी कोण, असं विचारतात, ती ‘जेसन’ असं उत्तर देते आणि जिवाला मुकते. ‘सायको’त मुलगा आईच्या आवाजात बोलतो, इथे आई मुलाच्या. उलटी करून घातलेली चोळीच ती. पण या उलट करण्याने एक वेगळीच गोष्ट आत शिरली, आणि समीक्षकांचं तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही, असं मला वाटतं. या चित्रपटांबद्दल ठरलेलं वाक्य असं की जो प्रणय करतो तो मरतो, आणि सोज्वळ मुलगी वाचते. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात त्या शेवटच्या मुलीवर फार चांगलं लिहिलंय, ते जरूर वाचा. पण त्या खुनी आईची, मिसेस व्हूरहीसची, तक्रार नीट ऐका. तिचा मुलगा १९५७ साली बुडाला, कारण ज्यांनी लक्ष ठेवायचं ते लक्ष ठेवत नव्हते. आईबाप आपली पोरं दोन महिने अशा पोरांच्या हवाली करतात, जी स्वतःच पुरती मोठी झालेली नाहीत. शिबिर नावाच्या संस्थेच्या पोटातली ही भीती आहे, आणि ती ‘हॅलोवीन’मधून आलेली नाही.

चित्रपटाला साडेपाच लाख डॉलरच्या आसपास खर्च आला. पॅरामाउंटने अमेरिकेतले हक्क १५ लाखांना घेतले, ९ मे १९८० ला तो लावला आणि जवळजवळ ४ कोटी कमावले. समीक्षक जीन सिस्कल एवढा चिडला की त्याने परीक्षणात शेवट मुद्दाम फोडला. एका बड्या स्टुडिओने असला माल विकावा याचाच खरा संताप होता.

मग रांग लागली. त्यातले बहुतेक टुकार आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. पण एक टक्कर सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या शिबिरांमध्ये शेकोटीभोवती क्रॉप्सी नावाच्या माणसाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कुठे तो रखवालदार असतो, कुठे मूल गमावलेला बाप, कुठे हातात कुऱ्हाड. तपशील शिबिरागणिक बदलतात. जंगलात मात्र तो तुमच्याच असतो. १९८० मध्ये दोन वेगवेगळ्या टोळक्यांना एकाच वेळी या क्रॉप्सीवर चित्रपट काढायचा होता. एक ‘द बर्निंग’, ज्याच्या निर्मितीत हार्वी वाइनस्टीन होता. होय, लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पुढे दोषी ठरलेला तोच. दुसरा ‘मॅडमन’. दुसऱ्यांना पहिल्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी आपल्या खुन्याचं नाव बदलून मॅडमन मार्झ केलं. तो चित्रपट सुरूच होतो शेकोटीवर. एक म्हातारा गोष्ट सांगतो, याचं नाव मोठ्याने घेऊ नका, आणि एक आगाऊ पोरगा लगेच उठून ओरडतो.

हे आठवलं की नकलेचा आरोप जरा गुळगुळीत होतो. शेकोटीच्या गोष्टीला मूळ प्रत नसतेच. मागच्या वर्षीच्या दादाने सांगितलेली तीच गोष्ट या वर्षीचा दादा सांगतो, शिबिराचं नाव आपलं घालतो आणि शेवटी जरा जोरात किंचाळतो. किंचाळणं जमलं नाही तर मात्र पोरं दुसऱ्या दिवशी त्याची टर उडवतात. ‘द बर्निंग’ला एकदा ते जमलंय. सॅव्हिनीने ‘फ्रायडे’चा दुसरा भाग सोडून हा घेतला होता. पोरं भरदुपारी तराफ्यावरून एका रिकाम्या होडीकडे जातात. ऊन आहे, पाणी संथ आहे. होडीतून मोठी कात्री घेऊन क्रॉप्सी उभा राहतो, आणि काही सेकंदांत पाच जणांचा निकाल लागतो. अंधार लागतोच, या समजुतीला तिथे सुरुंग लागला. ब्रिटनमध्ये या प्रसंगाने एवढा गहजब झाला की व्हिडिओ कॅसेटी जप्त झाल्या.

पण माझा लाडका ‘स्लीपअवे कॅम्प’. १९८३. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. दिग्दर्शक रॉबर्ट हिल्ट्झिक ज्या शिबिरात लहानपणी गेला होता, त्याच आर्गाइल गावच्या शिबिरात त्याने कॅमेरा लावला. इतर ठिकाणी पंचविशीतले नट सतराचे म्हणून वावरतात. याने खरीच पोरं घेतली. नायिका फेलिसा रोझ तेरा वर्षांची. त्यामुळे या चित्रपटातली शिवीगाळ, खोड्या, गबाळ्या चड्ड्या आणि एकमेकांना छळण्यातला आनंद हे सगळं भलतंच खरं वाटतं. मोठी माणसं मात्र एकजात भयानक. स्वयंपाकी लहान मुलांवर वाईट नजर ठेवून आहे, आणि मालक एकेक मृत्यू अपघात म्हणून दडपतोय, कारण पालक पोरं घेऊन गेले तर धंदा बसेल. इथे तळहातावर घेऊन दाखवावं असं छायाचित्रण वगैरे काही नाही. एका पोलिसाचं काम करणाऱ्या नटाने मधल्या काळात मिशा काढल्या, तर शेवटच्या प्रसंगांत त्याला एवढी ढळढळीत खोटी मिशी चिकटवली आहे की थिएटरात त्या मिशीलाच टाळ्या पडतात.

आणि मग तो शेवट. लाजरी, मुकी वाटणारी अँजेला खुनी आहे, आणि ती जन्माने मुलगा आहे. अपघातातून वाचलेल्या भाच्याला आत्याने मुलगी म्हणून वाढवलंय. शेवटच्या चित्रात रोझच्या चेहऱ्याच्या साच्यावरून केलेला मुखवटा एका तरुणाने घातला आहे, तोंड उघडं, डोळे स्थिर. एका देहाचाच बागुलबुवा केला म्हणून या शेवटावर कडक टीका झाली आहे, आणि ती मला रास्त वाटते. त्याचबरोबर या चित्रपटाला जिवापाड जपणाऱ्यांत समलिंगी आणि ट्रान्स प्रेक्षकही बरेच आहेत, कारण त्या शिबिरात वेगळ्या पोराचं काय होतं ते त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि त्यांची सांगड घालायच्या फंदात मी पडत नाही.

शेवटी कोर्टकचेरीचं थोडं, मग प्रश्न घेऊ. आपण ‘हॅलोवीन’ची नक्कल केली, असं जाहीरपणे सांगणाऱ्या व्हिक्टर मिलरने पुढे आपल्या पटकथेचे अमेरिकेतले हक्क परत मागितले. मिलर नोकर होता की स्वतंत्र लेखक, यावर वर्षानुवर्षं खटला चालला, आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयातही मिलर जिंकला. पण त्याच्या पटकथेत जेसन हा फक्त बुडालेला मुलगा आहे. दांडगा, पुन्हा पुन्हा उठणारा जेसन दुसऱ्या भागापासूनचा. हॉकीचा मुखवटा तर १९८२ च्या तिसऱ्या भागातला, तोही सेटवरच्या एका हॉकीवेड्या तंत्रज्ञाच्या सामानातून निघालेला. तेव्हा मिलरला मिळाली आई, शिबिर आणि तळं. मुखवटेवाला कुणाचा, हे न्यायालयाने त्या निकालात ठरवलंच नाही.