उंबर फोडून केंबरं

ओढ्याच्या काठावर हे जे झाड दिसतंय ना, फांद्या सोडून थेट खोडालाच फळांचे घोस लटकलेत, तो उंबर. लहानपणी आम्ही याची खाली पडलेली लाल फळं उचलायचो, फोडायचो, आतून बारीक किडे भुर्रकन उडाले की ईऽऽ किडकंय म्हणून फेकून द्यायचो. आजी ओरडायची, उंबर फोडून केंबरं कशाला उडवताय रे. केंबरं म्हणजे आतले तेच बारीक किडे, आणि म्हणीचा अर्थ, झाकली भानगड उगाच उघडी कशाला करताय. आज आपण नेमकं तेच करणार आहोत.

हे बघा, कच्चं हिरवं फळ ब्लेडने मधोमध कापलंय. आत सगळ्या बाजूंनी दाटीवाटीने जे लागलंय ना ते बी नाहीये, ती फुलं आहेत, शेकडो. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ते यामुळेच, बिचारं बाहेर येतच नाही, फळ समजून आपण बघतो ती फुलांनी भरलेली बंद पिशवी असते.

मग परागीकरण कोण करणार? मधमाशीला तर आत शिरताच येत नाही. फळाच्या टोकाला एक बारीक भोक असतं, तेही खवल्यांनी गच्च दाबलेलं, आणि त्यातून घुसू शकते ती फक्त केंबराची मादी, जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या खानदानातली. फुलं तयार झाली की उंबर विशिष्ट वास सोडतो, त्या वासावर ती लांबून वाऱ्याबरोबर येते. किती लांबून? उंबराचाच एक आफ्रिकेतला भाऊबंद आहे, त्याच्यावरचा असाच कीटक नामिबियात तब्बल 160 किलोमीटरपर्यंत जातो असं 2009 साली मोजलं गेलंय!

आत घुसताना तिचे पंख तुटून पडतात, म्हणजे परत जायचा विषयच संपला. आत गेल्यावर ती सोबत आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली तिथे तिची पिल्लं वाढतात, उरलेल्यांत बिया धरतात. झाडाने थोडी फुलं भाडं म्हणून दिली म्हणा ना, यालाच सहजीवन म्हणतात, पण यात प्रेमबिम काही नाही हां, दोघांचंही एकमेकांवाचून अडतं एवढंच.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. अजून कोंडलेल्या माद्यांशी मीलन करायचं, मग सगळ्यांनी मिळून फळाची भिंत आतून कुरतडून बोगदा पाडायचा आणि मरायचं, यांचं आयुष्य एवढंच. नेमकं तेव्हाच आतली नर फुलं पिकलेली असतात, माद्या पराग भरून घेतात, बोगद्यातून बाहेर पडतात, आणि हातात एखाद-दोन दिवस, तेवढ्यात दुसरा उंबर गाठायचा.

आता हा शॉट बघा, यासाठी आम्ही अख्खी दुपार घालवलीय. फळावर बाहेरून बसलेली ही दुसरीच जात, शेपटीसारखी लांब सुई आहे ना, ती फळात खुपसून ही बाहेरूनच अंडी घालते. पराग आणत नाही, काही नाही, आयत्या बिळावर नागोबा. अशाच एका जातीच्या सुईच्या टोकात जस्त असतं म्हणून ते झिजत नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. हिला आवर घालतात त्या मुंग्या, पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात. फळावर बसलेल्या या फुकट्यांना त्या पकडतात. पण मुंगी काही झाडाची नोकर नाही, बोगद्याच्या तोंडाशी बसून ती केंबरंही खाते, सापडेल ते.

केंबराचं आयुष्य इतकं छोटं, त्यामुळे आसपास कुठल्या ना कुठल्या उंबराला कायम कच्ची फळं असावीच लागतात, नाहीतर त्यांची पुढची पिढी खलास. त्यामुळे होतं काय, इतर झाडांना काही नसतं तेव्हाही जंगलात कुठेतरी उंबर पिकलेला असतो. मग दिवसा हरियल, तांबट, धनेश, माकडं, शेकरू, रात्री वटवाघळं. वरून जे सांडतं ते खाली भेकर नाहीतर सांबर वेचतं, ओढ्यात पडलं तर मासे. एवढी पंगत दोन मिलिमीटरच्या किड्यावर चाललीय, आणि आम्ही ई करून फेकत होतो.

जाता जाता हे बघा, याच ओढ्याच्या वरच्या अंगाला जुनी विहीर आहे, तिच्या दगडांच्या फटीत वीतभर रोप आलंय. कुणी लावलेलं नाही, तांबट नाहीतर वटवाघळाच्या विष्ठेतून बी पडलं असणार. फळं धरायला अजून बरीच वर्षं आहेत, सध्या पानांवर दोन मुंग्या फिरतायत फक्त.