टोपीखालच्या निऱ्या

(दृश्य: पावसात भिजलेला जांबोटीचा रस्ता. कडेला लाल मातीचं वारूळ.)

बेळगावहून पिरनवाडी मागं टाकली की हवा बदलते. पुढं जांबोटी, मग मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी. पाऊस चांगला मुरला की या पट्ट्यात बायका रस्त्याकडेला पानावर वाटे लावून बसतात. अळंबी! भाव विचारून पुढं गेलात, तर परत येईपर्यंत पान रिकामं झालेलं असतं.

मी इथं खायला आलेली नाही. (खोटं कशाला बोलू, खाल्लीही.) मी मातीचे दिवे करते. तीन वर्षं माझ्या दिव्यांवर एकच अळंबी होती, लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची. मोबाईलवर बघून उचललेली. ती थंड मुलखात, बर्च आणि पाइनच्या मुळाशी उगवते. आमच्या खानापूर तालुक्याच्या रानात तिचं काय काम?

(दृश्य: वारुळाजवळ वाकलेली आत्या. डोक्यावर इरलं.)

आत्याचं घर इथंच, रानाला लागून. मी वारुळापाशी कॅमेरा लावून बसले, तर म्हणाली, "वरनं काय बघालीस गं? उलटी कर की."

उलटी केली. साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा पातळ घड्या, देठाभोवती गोल, एकही चुकलेली नाही. तीन वर्षं मी टोपी रंगवत बसले होते आणि नक्षी खाली होती.

ही वारुळावरची अळंबी खरं तर वाळवीचं पीक. वाळवी पालापाचोळा आत नेते आणि जमिनीखाली त्यावर बुरशीची बाग लावते. पाऊस मुरला की त्या बागेतून देठ वर निघतो. माती भेदायला टोपीच्या मध्यावर कडक टोक असतं. दिव्याच्या झाकणाला मूठ कशी लावावी, म्हणून मी महिनाभर डोकं खाजवत होते. मूठ इथं तयार होती.

(दृश्य: पाटावर अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद. त्यावर टोपी, वर पालथी वाटी.)

आता अडचण अशी, की अळंबी येते पावसात आणि माती वाळते उन्हात. खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच. पण श्रावणात कच्चं भांडं लवकर वाळत नाही, आणि ओल राहिलेलं भांडं भट्टीत तडकतं. दिवाळीपर्यंत अळंबी कुठली टिकायला? दुसऱ्या दिवशीच ती मऊ पडते, तिला किडे लागतात.

म्हणून ठसा घ्यायचा. देठ कापायचा, टोपी निऱ्या खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची. रात्रभरात बारीक बिजाणू, म्हणजे अळंबीचं बीच म्हणा, गळतात आणि सकाळी कागदावर प्रत्येक निरी उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी, तो काळ्या कागदावर खुलतो. एकदा हिरवळीवरची एक पांढरी, देखणी छत्री उचलून आणली होती. तिचा ठसा हिरवट निघाला. तशा ठशाची एक जात हिरवळीवर सर्रास उगवते आणि खाल्ली तर उलट्यांनी माणूस आडवा होतो. हात लावायला हरकत नाही. ताटात मात्र जाणत्या माणसानं ओळखलेलीच घ्या. आणि भीमगडच्या अभयारण्यात गेलात तर फक्त फोटो काढा, तिथलं काही उचलून आणता येत नाही.

(दृश्य: पडक्या ओंडक्यावर कडक, पंख्यासारख्या बुरशीचे थर. तिथून आत्याच्या मांडीवरची वाकळ.)

ओंडक्यावरची ही बुरशी खात नाहीत. तपकिरी, करडी, पिवळसर, कडेला पांढरी अशी वलयावर वलयं. मी तिचं चित्र काढत होते. आत्या वाकळ शिवत होती. तिचा धावदोरा बाहेरच्या काठावरून सुरू होतो आणि फेऱ्यावर फेरे घेत मध्याकडं येतो. बुरशी आतून बाहेर वाढते, वाकळ बाहेरून आत. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आत्या म्हणाली, "व्हय काय? सुई ओवून दे आधी."

त्या ओंडक्याचे रंग घेऊन आम्ही जुनी लुगडी निवडली. एक लहानशी वाकळ झाली, पंख्याच्या आकाराची. कोपरे नसल्यामुळं आत्याला ती अजून अर्धवटच वाटते.

(दृश्य: दसऱ्यानंतरचं ऊन. भट्टीतून निघणारे दिवे.)

पहिली खेप वायाच गेली. टोपी पातळ, देठ जाड, दोन्ही सारखे वाळेनात. जोडावर चिरा पडल्या. दुसऱ्या वेळी देठ आतून पोकळ ठेवला, जोडाच्या जागी खरवडून पातळ कालवलेली माती लावली आणि ओल्या फडक्यात चार दिवस झाकून ठेवलं. ठसा समोर धरून निऱ्या बांबूच्या काडीनं कोरल्या.

अकरापैकी आठ दिवे निघाले. एक आत्याला नेऊन दिला. तिनं तो हातात घेतला, आधी उलटा केला, निऱ्यांवरनं बोट फिरवलं.

"बऱ्या बसल्यात," ती म्हणाली. "देठ अजून जाडच हाय बघ."