काळ्या सिलिंडरला कोणी घाबरत नाही

(आयटीआयच्या वेल्डर शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मघाशी गॅस कटिंगचे हे दोन सिलिंडर दाखवून विचारलं, या दोघांपैकी भीती कोणाची वाटते? सगळ्यांची बोटं मरून रंगाच्या ॲसिटिलीनकडे. साहजिक आहे, त्याला वास येतो, ते पेटतं. काळा ऑक्सिजनवाला म्हणजे गरीब गाय! भरलेला असला की आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाब, पण त्याबद्दल आज माझं भांडण नाही.

भांडण आहे ते अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीनं झटकणाऱ्यांशी. उकडतंय म्हणून नळी शर्टात सोडणारे बहाद्दरही मी पाहिलेत. ऑक्सिजन कापडात भरून राहतो. मग एक ठिणगी, की विझवायला हात पोहोचायच्या आत सगळा शर्ट पेटलेला. एका कारखान्यात ऑक्सिजन रेग्युलेटरचा नट घट्ट जातो म्हणून फिटर ग्रीसचा डबा घेऊन आला. मी हात धरला. म्हणतो, "साहेब, लोखंडाला तेल नको का?" अरे बाबा, सायकलला हवं! दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवायही भडकतं. हसताय काय, आपापले हातमोजे बघा आधी.

आणि कापतो कोण? तोही ऑक्सिजनच. ज्योत नुसती तापवते. लोखंड ९०० अंशांच्या आसपास लालभडक झालं की टॉर्चचा, म्हणजे हातातल्या कटरचा, ऑक्सिजन सोडणारा लिव्हर दाबायचा, मग त्या झोतात लोखंड स्वतःच जळतं आणि स्लॅग, म्हणजे जळलेल्या लोखंडाचा मळ, खाली उडतो. स्टेनलेस, ॲल्युमिनियम, बीड म्हणजे ओतीव लोखंड तसं जळत नाही, म्हणून दाद देत नाही. नवीन पोरगा मात्र तिथं ज्योत मोठी करत बसतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, फलकावरचा विषय, कटिंग बिघडतं तेव्हा काय करायचं, आता धावतपळत.

ठिणग्या वर उडतात, कट आरपार जात नाही: हाताची घाई, नाहीतर तापवणं कमी. वरची कड वितळून गोल झाली: ज्योत मोठी किंवा हात मंद. झोत वाकडा: टिप, म्हणजे टॉर्चचं तोंड, साफ करा, पण टिप क्लीनरनं, खिळा घातलात तर भोक बिघडलं. फट्कन आवाज होऊन ज्योत विझते: टिप प्लेटला टेकली, तापली किंवा गॅसचा दाब कमी. पण विझून आत शिट्टी सुरू झाली तर टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद, लगोलग ॲसिटिलीन, मग सिलिंडर. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही. ज्योत नळीत मागे जाऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर नसेल तर कामच सुरू करू नका.

ॲसिटिलीन १५ पीएसआय दाबाच्या, म्हणजे मीटरवर जेमतेम एक किलोच्या वर न्यायचा नाही; त्यापुढे तो ऑक्सिजनशिवायही फुटतो. सिलिंडर उभाच, आडवा केला तर आतला ॲसिटोन, म्हणजे गॅस ज्यात विरघळवलेला असतो तो द्रव, नळीत येतो. फाटलेल्या नळीला तांब्याचा तुकडा जोडू नका, तांब्याबरोबर स्फोटक संयुग तयार होतं. गळती साबणाच्या पाण्यानं बघा, काडीनं नव्हे.

आणि डिझेलचा "रिकामा" ड्रम कापायला कोणी आणला, तर दुप्पट मजुरी देत असला तरी परत पाठवा. आत वाफ असते. चला, प्रश्न?