पाइप दुसऱ्याच्या हाती

(दृश्य : सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं पार्किंग. रविवार, सकाळचे सात. लोखंडी टबात पेटवलेले पुठ्ठे आणि फळ्या.)

शिट्टी वाजते. पिवळ्या हेल्मेटमधल्या ताई भिंतीवरच्या होज रीलकडे धावतात. नळी ओढतात, कॉक उघडतात आणि स्वतःच पाणी मारायला लागतात. मिनिटाभरात आग विझते. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडतात. टाळी न वाजवणारे एकच गृहस्थ आहेत. ते उजवीकडच्या खांबाला टेकून उभे आहेत, पांढऱ्या शर्टात.

हेच दृश्य आपण पुन्हा पाहू. या वेळी आगीकडे बघू नका, ताईंच्या पाठीमागे बघा. एक आजोबा लिफ्टचं दार उघडून आत शिरतायत. सायकलवरचा मुलगा थेट धुरापर्यंत आलाय. मेन स्विचकडे दोघं धावलेत आणि गेटवर कुणीच नाही. बंब आला असता, तर कुठल्या विंगकडे वळायचं हे त्याला सांगायला माणूस नाही.

पांढऱ्या शर्टातले गृहस्थ पुढे येतात. ते ओरडत नाहीत, चूकही दाखवत नाहीत. एवढंच विचारतात, "ताई, तुमच्या मागं काय चाललं होतं?"

"मागं? मी तर पुढं बघत होते, साहेब."

त्यावर ते मान हलवतात आणि म्हणतात, "चला, चहा घेऊ."

(दृश्य : कागदी कप, खुर्च्यांचं वर्तुळ.)

ताई बँकेत नोकरी करतात. या सोसायटीच्या आग-बचाव पथकाच्या त्या प्रमुख आहेत. पगार नाही, गणवेशही नाही. हेल्मेट वर्गणीतून आलंय. साहेब अग्निशमन दलातून निवृत्त झाले आहेत. आता ते अशा पथकप्रमुखांचे मार्गदर्शक आहेत, इंग्रजीत मेंटॉर म्हणतात ते. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेल्या मॅडम व्यावसायिक कोच आहेत. आठवडाभर त्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांबरोबर काम करतात आणि रविवारी इथे येतात. पुण्यात कोचिंग म्हटलं की आधी क्लास आठवतो, फळा आठवतो. इथे फळा नाही. इथे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर येईपर्यंत थांबलं जातं.

आग विझवणं हे पुण्यात महापालिकेच्या पगारी दलाचं काम आहे, आणि ते त्यांचंच राहणार. १०१ लावला की गाडी निघते. पण गाडी निघाल्यापासून पोहोचेपर्यंत जी मिनिटं जातात, त्यांत जिथे आग लागलीय तिथली माणसंच असतात. त्या मिनिटांत कुणीतरी पुढारपण करतोच. प्रश्न एवढाच, की त्या माणसाला तयार कुणी केलंय?

(दृश्य : भवानी पेठ, मध्यवर्ती अग्निशमन केंद्र. लाल गाड्यांची रांग. होज गुंडाळणारे हात.)

भवानी पेठेतलं हे मध्यवर्ती केंद्र. पुण्याच्या दलाचं मुख्यालय. इथे माणूस कसा घडतो ते पाहा. नवा जवान वर्दीवर, म्हणजे आगीचा निरोप आल्यावर, जातो तो तांडेलाच्या मागून. तांडेल हा मुळात दर्यावरचा शब्द, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. अग्निशमन दलात तो आजही पद म्हणून जिवंत आहे. ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, कशी धरायची, दाराला हाताची मागची बाजू लावून पलीकडची उष्णता कशी जोखायची, बी. ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, घालून आत गेल्यावर भिंत का सोडायची नाही, हे पुस्तकात असतंच. पण अंगी बाणतं ते तांडेलाच्या मागे चालून. शंभर वर्द्यांनंतर तो जवान स्वतः कुणाच्या तरी पुढे चालायला लागतो.

अधिकारी घडवणारी मोठी संस्थाही महाराष्ट्रातच आहे. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले अग्निशमन अधिकारी तिथे शिकतात.

आता स्वयंसेवकाकडे या. त्याच्यासाठी काहीच केलं जात नाही, असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ साली ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. नंतर ती ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवून १ लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. १२ दिवसांचं प्रशिक्षण, हातात किट. नागरी संरक्षण दलाला तर १९६८च्या कायद्याचा आधार आहे, आणि त्याच्या सेवांमध्ये अग्निशमन आहेच. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, पुण्यातही झाली. हे सगळं चांगलं आहे, हवंच आहे. पण तेराव्या दिवशी स्वयंसेवक घरी येतो. त्याच्या पुढे चालणारा तांडेल नसतो.

आमचं म्हणणं इथेच आहे. स्वयंसेवकाला प्रशिक्षण मिळतं, सोबत मिळत नाही. आणि त्यातही जो पथकाचा प्रमुख होतो, तो सगळ्यात एकटा असतो.

(दृश्य : खुर्च्यांचं वर्तुळ. साहेब हातवारे करून सांगतायत.)

१९८०च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आगीच्या जागी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्याची अटकळ होती, की घाईतसुद्धा ही माणसं निदान दोन पर्याय तोलून बघत असतील. तसं काही निघालं नाही. बहुतेक वेळा ते पर्याय तोलत नव्हतेच. समोरचं दृश्य आधी पाहिलेल्या कुठल्यातरी दृश्यासारखं वाटायचं, आणि करायचं काय ते त्या ओळखीतूनच सुचायचं. मग ते मनातल्या मनात एकदा करून पाहायचे, आणि हुकूम सुटायचा.

म्हणजे निर्णय ज्या साठ्यातून येतो, तो साठा पाहिलेल्या आगींचा असतो. साहेबांकडे तो तीन दशकांचा आहे. ताईंनी खरी आग अजून एकदाही पाहिलेली नाही, आणि ती पाहायला लागू नये हीच सगळ्यांची इच्छा. मग साठा यायचा कुठून? उसना. साहेब जेव्हा सांगतात, "धूर पिवळट करडा होऊन दाराच्या फटीतून दमादमानं येत असला, तर ते दार उघडायचं नाही", तेव्हा ते ताईंना एक आग देऊन टाकतायत.

(दृश्य : कसबा पेठ, संध्याकाळ. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दुचाक्या.)

दुसरी जोडी. गणेश मंडळाचा तिशीतला कार्यकर्ता आणि तेच साहेब. या बोळातून मोठा बंब येऊ शकत नाही, ते दोघांनाही ठाऊक आहे. साहेब चालता चालता बोट दाखवतात आणि विचारतात.

"हे जुनं वाड्याचं दार रात्री बंद असतं?"

"असतं."

"किल्ली कुणाकडं?"

"... विचारतो."

"आणि हा लाकडी जिना. वर कोण राहतं?"

"दोन आज्या. एकीला चालता येत नाही."

"हे तू कुठं लिहून ठेवलंयस?"

तो काहीच बोलत नाही. पुढच्या रविवारी तो एक लाल वही घेऊन येतो. बोळातलं प्रत्येक दार, किल्ली कुणाकडे, कोण अंथरुणाला खिळलंय, गॅसची टाकी कुठल्या खिडकीखाली, वीजमीटर कुठे. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी फक्त विचारलं होतं. आमच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, म्हणून वहीची पानं आपण जरा सावकाश बघू.

(दृश्य : वहीची पानं. निवेदन थांबतं.)

त्या कार्यकर्त्याची खरी अडचण मात्र वेगळी होती. ती मॅडमच्या खोलीत निघाली. तिथे कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता, कारण तिथलं बोलणं तिथेच राहतं हा कोचिंगचा पहिला करार. काचेपलीकडून जे दिसलं, ते तुम्ही बघताय. त्यातलं एवढंच सांगायची त्यानं परवानगी दिली : मंडळातली निम्मी मुलं त्याच्या मोठ्या भावाच्या वयाची आहेत. ती त्याला 'अरे' म्हणतात. सरावाला या म्हटलं, तर येतो म्हणतात आणि येत नाहीत.

पगारी दलात हुकूम मोडला तर मेमो मिळतो. इथे काय देणार? स्वयंसेवक आपल्या वेळेतून येतो, आणि दुखावला की उद्यापासून येत नाही. अशा माणसांचा प्रमुख होणं हे पगारी माणसांचा प्रमुख होण्याहून अवघड आहे, असं आम्हाला चार महिन्यांच्या चित्रणानंतर ठामपणे वाटतं. आणि नेमकं हेच कुठल्या १२ दिवसांत शिकवून होत नाही.

मॅडमनी उपाय सुचवला नाही. त्यांचं शास्त्र तसं आहे. मार्गदर्शक स्वतःचा अनुभव देतो, कोच समोरच्याचाच अनुभव त्याच्याकडून काढून घेतो. त्यासाठी शिक्षण घ्यावं लागतं. १९९५ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग संघटनेची पहिल्या पातळीची मान्यता मिळवायलाच ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. "सरावाला न येणाऱ्यांपैकी तुझ्या मते सगळ्यात हुशार कोण?" असा त्यांचा प्रश्न होता. आठवड्यानं त्यानं, उत्तरात ज्याचं नाव आलं, त्याच मोठ्या मुलाला गाठलं आणि किल्ल्यांची जबाबदारी दिली. आता तो सरावाला सगळ्यांच्या आधी येतो. बघा, डावीकडचा, निळ्या टी-शर्टमधला.

स्वयंसेवी अग्निशमन ही जगात नवी गोष्ट नाही. चिली देशाची सगळी अग्निशमन सेवा स्वयंसेवकांचीच आहे. तिची सुरुवात १८५१ साली वालपराईसो बंदरात झाली. जर्मनीतही पगारी जवानांपेक्षा स्वयंसेवक कितीतरी पट जास्त आहेत. तिथे गावातल्या पोराला गावातल्याच जुन्या माणसाचा हात धरून वर चढता येतं. आपल्याकडे ती शिडी मुद्दाम बांधावी लागेल.

(दृश्य : १४ एप्रिल. केंद्राच्या आवारात मानवंदना. सलामीचे हात.)

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटलं. पोटात कापूस होता आणि स्फोटकंही होती. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, यावर अधिकाऱ्यांचा एकमुखी निर्णय झाला नाही. जवान पाणी मारत राहिले. स्फोटात ६६ अग्निशामक गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणात पाळला जातो. साहेब दर वर्षी या सकाळी पथकप्रमुखांना इथे घेऊन येतात. भाषण करत नाहीत. मागच्या रांगेत उभे राहतात.

(दृश्य : पुन्हा खुर्च्यांचं वर्तुळ.)

प्रत्येक सरावानंतर इथे चार प्रश्न होतात. काय व्हायचं होतं? काय झालं? असं का झालं? पुढच्या वेळी काय करायचं? ही पद्धत मूळची अमेरिकी लष्कराची, १९७०च्या दशकातली. नियम एकच आहे : प्रमुखानं आधी स्वतःबद्दल बोलायचं. ताई पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा त्यांनी पथकातल्या मुलांच्या चुका सांगितल्या. दुसऱ्यांदा नळी जुनी असल्याचं सांगितलं. तिसऱ्या रविवारी बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, "पाइप मी धरायला नको होता."

साहेबांनी कप खाली ठेवला. "का?"

"पाइप हातात आला की मला फक्त आग दिसते."

मे महिन्यात याच सोसायटीत एका स्वयंपाकघराला आग लागली. बंब येईपर्यंत वरचे मजले रिकामे झाले होते आणि कुणाला इजा झाली नाही. त्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही.

जूनमधला हा सराव मात्र आहे.

(दृश्य : तेच पार्किंग. तोच टब. शिट्टी.)

ताई होज रीलपाशी पोहोचतात. नळी ओढतात आणि शेजारच्या मुलाच्या हातात देतात. दोन पावलं मागे येतात. त्यांची पाठ आता आगीकडे आहे. लिफ्टकडे बोट, तिथे एक जण. मेन स्विचकडे एकच. आजोबांचा हात धरून कुणीतरी जिन्याकडे वळवतंय. सायकलवाला मुलगा अडवणुकीच्या पट्टीच्या अलीकडे थांबलाय.

आणि लांब गेटवर एक माणूस उभा आहे, हात वर करून, रस्त्याकडे बघत.